केशरी हेल्मेटमधला फोटो

शुक्रवारी सकाळी आबांनी चहा मागितला नाही.

ती ओट्याशी उभी होती. पातेल्यातलं पाणी तापत होतं आणि तिचे कान मागे टेबलाकडे लागले होते. रोज या वेळेला मागून टकटक यायची, नखाने काचेवर दोनदा. ती वळून बघायची तर आबा फोन समोर धरून, पिवळ्या कॅल्क्युलेटरवर बोट ठेवून बसलेले असायचे. पिवळा कॅल्क्युलेटर म्हणजे चहा. का, असं परक्या माणसाने विचारलं असतं तर तिला हसू आलं असतं. चहाला तरी चहा का म्हणतात?

आबा तिचे सासरे. उभा जन्म बंदरावर क्रेन चालवण्यात गेला. रिटायर झाल्यावर वर्षभरातच झटका आला आणि अर्धं अंग गेलं. मग हात परत आला, पायही थोडा ओढत का होईना परत आला, वाचा मात्र आली नाही. डोक्यात सगळं शाबूत, पण शब्द तोंडापर्यंत यायचे आणि दारातच अडकून बसायचे. सुटून बाहेर आले ते दोनच, ‘हा बघ’. भूक लागली तरी हा बघ, राग आला तरी हा बघ, आणि नात मांडीवर येऊन बसली तरी हा बघ. अक्षरंही गेली. पेपर समोर धरला की आबांना मुंग्यांची रांग दिसत असावी, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटायचं.

स्पीचवाल्या बाईंनी चित्रांचा एक तक्ता दिला होता. हसरा ग्लास, हसरी पोळी, हसरा पलंग. आबांनी तो एकदा बघितला आणि खिडकीबाहेर सोडून दिला. नंतर एके दिवशी ते फोनवर बोट आपटून काहीतरी मागत होते, बोट होतं कॅल्क्युलेटरवर, आणि ही वैतागून म्हणाली, “काय, चहा हवाय का?” तर आबांनी टेबलावर अशी थाप मारली की बशी उडाली. “हा बघ!” तेव्हापासून कॅल्क्युलेटर म्हणजे चहा. निळा ढग म्हणजे गोळी घेतली. लाल चौकोन म्हणजे नात, ठकी, झोपली. आणि अगदी खाली, अंगठ्याशी, दोन मोठे चौकोनी फोटो, एक मुलाचा आणि एक सुनेचा. दाबला की थेट चेहरा दिसणारा कॉल. बारीकसारीक धरून घरात अशी बरीच मोठी बोली तयार झाली होती आणि तिला तिचा मनातून अभिमान होता.

पाणी उकळलं. टकटक आली नाही. ती वळली.

आबा फोन हातात धरून बसले होते. बोट काचेवर टेकायला जायचं, अधांतरी थांबायचं, परत यायचं. अनोळखी जिन्यात दिव्याचं बटण शोधणाऱ्या माणसासारखं.

“काय झालं आबा?”

त्यांनी फोन तिच्यापुढे सरकवला.

फोनने आपलं आपणच अपडेट करून घेतलं होतं. किती आठवडे ती त्या सूचनेला ‘नंतर’ म्हणून टाळत होती. शेवटी त्याने तिला विचारणंच सोडलं. पडद्यावर एक ओळ आली होती: ‘तुमच्या फोनला नवं रूप मिळालं आहे. अधिक शांत, अधिक सुंदर.’ आणि त्या शांततेत सगळी चित्रं गोल झाली होती, एका मापाची, एकाच रंगाची, गणवेशातल्या पोरांसारखी. रंग फिकट जांभळा. ती लग्नाआधीपासून रंगांच्या दुकानात शेड जुळवायचं काम करत आली होती. हा जांभळा तिने गिऱ्हाइकाला दाखवलाही नसता. ढग जांभळा, लाल चौकोनाचा जांभळा गोल, कॅल्क्युलेटरच्या जागी चार बारीक रेघा. खालचे दोन फोटो गेले होते आणि त्या जागी दोन फिकट वर्तुळं होती. प्रत्येकात एक अक्षर.

अक्षर! 

“काही नाही आबा, मी करते नीट,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच खोटा वाटला. “चहा ना? चहाच ना?”

आबांनी मान हलवली, पण नजर फोनवरच होती. चहा आला तोही त्यांनी निववून प्यायला.

सोमवारी तिला कामावर परत जायचं होतं.

ठकी झाल्यापासून दुकानातली तिची जागा मालकिणीने कशीबशी राखून ठेवली होती. “आता मात्र ये बाई,” मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. “नाहीतर मला दुसरी बघावी लागेल, आणि दुसरीला पांढऱ्यातले पांढरे कळायचे नाहीत.” अर्धा दिवसच जायचं होतं, सकाळ ते दुपार. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर भल्या सकाळीच बाहेर पडायचा. त्या वेळात ठकी आबांपाशी राहणार, असं ठरलं होतं. ठकी दोन वर्षांची होती आणि आबांची सावली होती. समोरच्या शिंपीणकाकू हाकेच्या अंतरावर होत्या. आणि काही लागलं तर आबा तिचा फोटो दाबणार होते. सगळा डोलारा त्या फोटोवर उभा होता. तो फोटोच गेला होता.

दुपारी ठकीला काखेत मारून ती मोबाईलवाल्याकडे गेली.

“मागे जाता येत नाही ताई,” तो फोन उलटासुलटा करत म्हणाला. “जबरदस्तीने नेलं तर आतलं सगळं पुसलं जाईल. आणि परत दोन दिवसांनी हा आपणहून इथेच येणार. कशाला त्रास घेता? सकाळपासून दहा जण आले. चार दिवसांत सवय होते.”

“ज्यांना वाचता येतं त्यांना होते.”

“म्हणजे?”

तिने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, थोडा ओशाळला, आणि एक बाहेरची थीम टाकून दिली. “घ्या. जवळपास पहिल्यासारखंच.”

जवळपास! तिच्या धंद्यात ‘जवळपास’ हा शब्द ऐकला की मालकीण डबा परत उघडायला लावायच्या. कॅल्क्युलेटर पिवळा होता, पण हळदी नव्हे, लिंबासारखा. ढगाला सूर्य फुटला होता. लाल चौकोन होता तिथे लाल गोल आला होता आणि त्याच्या शेजारी आणखी एक तसलाच लाल. फोटोचं वर्तुळ बसवलं तर तिच्या जुन्या फोटोतला नेमका कान आणि मागचा पडदा तेवढा आत आला. पहिल्या मोठ्या चौकोनात तो फोटो छान दिसायचा, इथे त्याचा नुसता डाग झाला.

घरी आल्यावर आबांनी तो नवा अवतार बराच वेळ निरखला. एकदा लिंबू-पिवळ्यावर बोट ठेवलं, तिच्याकडे बघितलं. “हो, हो! चहा!” ती टाळी वाजवायचीच बाकी होती. तेवढ्यात बोट घसरलं, पडदा बाजूला सरकला आणि कसल्याशा हवामानाचा भला मोठा तक्ता उघडला. आबांनी फोन उचलला, नॅपकिनांच्या खणात ठेवला आणि खण लावून टाकला.

शनिवारभर त्यांनी काही मागितलं नाही. ‘हा बघ’सुद्धा नाही. समोर ठेवलं ते खाल्लं, दिली ती गोळी घेतली, खिडकीशी खुर्ची ओढून बसून राहिले. ती येताजाता विचारायची, “आबा, काही हवंय?” आणि ते नकारार्थी मान हलवायचे, इतक्या सभ्यपणे, जणू पाहुणे आले आहेत. एका वर्षात दुसऱ्यांदा त्यांची वाचा गेली होती. पहिल्या खेपेला निदान डॉक्टर तरी होते.

“तू फार मनाला लावून घेतेस,” नवरा म्हणाला. “माझाही फोन बदललाय. मला तर अलार्मच सापडत नाही. तरी आलो ना उठून?”

“तुला वाचता येतं.”

“अगं, आबांनी सहा मजली क्रेन चालवलीय. एका फोनने हरतील होय?”

“हरलेत. खण उघडून बघ.”

 त्याने आपला खण उघडून एक नॅपकिन घेतला आणि उगाचच हात पुसले.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. बहीण-भावांच्या तारा जुळलेल्याच असतात. “वहिनी, राग मानू नकोस, पण एक बोलू? तुझ्या नोकरीसाठी तू माझ्या बापाला परीक्षेला बसवलंयस.”

“मी नाही बसवलं वन्सं. त्यांनी स्वतः...”

“त्यांनी स्वतः काय सांगितलं? ते कुठे बोलतात?”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ ठकीचे मोजे जोडीने लावत बसली. खरंच, आबा काय बोलले होते? महिन्याभरापूर्वी तिने विचारलं होतं, “आबा, सांभाळाल ना ठकीला?” आणि त्यांनी सगळ्या चित्रांवर एकामागून एक बोट फिरवलं होतं, अंगठ्याखाली आला तो तिचा फोटो दाबला होता, आणि समोर उभ्या असलेल्या तिचाच फोन वाजला होता. दोघं हसली होती. तिने त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला होता. तो ‘हो’च होता ना?

रविवारी सकाळी नवऱ्याला कुठल्या तरी इमारतीतून बोलावणं आलं, लिफ्टमध्ये कुणी अडकलं होतं. तो गेला आणि हिच्या डोक्यात किडा वळवळला. रंगीत तालीम घ्यायची. आजच, आत्ताच.

“आबा, जरा दूध घेऊन येते हं,” ती पिशवी उचलत म्हणाली. खणातून काढलेला फोन तिने त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. “काही लागलं तर हे खालचं गोल दाबायचं. हे. नाही, ते नाही, हे.”

आबांनी तिच्याकडे बघितलं. घरात काल आणलेलं दूध होतं, आणि ते त्यांना माहीत होतं. त्यांनी ठकीला जवळ ओढलं.

ती जिना उतरली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या शिवणाच्या दुकानात शिरली. तिथून दुसऱ्या मजल्यावरची त्यांची खिडकी थेट दिसायची.

“हे काय गं?” शिंपीणकाकूंनी दातातली टाचणी काढली. “स्वतःच्याच घरावर पाळत?”

“जरा पंधरा मिनिटं बसते काकू.”

“बस की. पण बसायचं तर हे काज करत बस. रिकामी नजर वाईट.”

तिने शर्ट मांडीवर घेतला, सुई हातात धरली आणि एकही टाका घातला नाही. खिडकीत आबांची पाठ दिसत होती. काही वेळ ती पाठ नुसती होती. मग नाहीशी झाली. मग परत आली. फोन वाजत नव्हता, हे चांगलं की वाईट? सगळं ठीक असेल तर वाजणार नाही. काही झालं असेल आणि आबांना ते वर्तुळ सापडत नसेल तरीही वाजणार नाही.

“तोंड बघ कसं झालंय,” काकू म्हणाल्या. “अगं, माझी तीन पोरं या मशीनखाली वाढली. दोरे खाऊन.”

आणि तेव्हा तिने ते पाहिलं. आबांचा उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर गेला. तळवा खाली. आणि तो हात एकाएकी इकडून तिकडे झपाझप हलायला लागला. मग थांबला. मग दुसरा हात वर गेला, एक बोट आकाशाकडे, आणि ते बोट आपल्याभोवतीच गरगर फिरू लागलं. मग पुन्हा तो पहिला हात, ताठ, झपाझप.

झटका. दुसरा झटका. हातावर ताबा नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाताकडे लक्ष ठेवा.

शर्ट खाली पडला, सुई कुठे गेली देव जाणे. “अगं, रस्ता बघ!” काकूंचा आवाज मागे राहिला. जिना ती कशी चढली तिलाही कळलं नाही. किल्ली भोकात जाईना. दार उघडलं आणि ती “आबा! ठके!” असं ओरडत सरळ आत धावली.

छताला कपडे वाळत घालायच्या दांडीची कप्पी होती. तिच्या दोरीला दांडीऐवजी आज ठकीच्या खेळण्यांची टोपली लटकत होती, लाकडी ठोकळ्यांनी गच्च भरलेली, जमिनीपासून चांगली वर. दोरीचं दुसरं टोक आबांच्या मुठीत होतं. पलीकडे गादीवर ठकी उभी होती, डोक्यावर चाळणी घालून, आणि मान वर करून मोठ्या गांभीर्याने एक बोट हवेत गोल गोल फिरवत होती. टोपली वर चालली होती.

ही धावली ती नेमकी टोपलीखाली.

ठकीने आईकडे पाहिलं. चाळणीखालचे डोळे मोठे झाले. आणि तिने रडून, ओरडून नव्हे, तर उजवा हात खांद्यातून सरळ बाहेर काढून, तळवा खाली करून, झपाझप हलवला.

आबांची मूठ त्याच क्षणी आवळली. दोरी करकरली आणि टोपली जिथल्या तिथे गोठली. तिच्या केसांना टोपलीचा तळ लागत होता. एकही ठोकळा पडला नाही.

 आबांनी हनुवटीने तिला बाजूला हो म्हणून खुणावलं, आणि त्यात सभ्यपणा अजिबात नव्हता. ती सरकली. मग ठकीने बोट खाली करून फिरवलं, आबांनी इंच इंच दोरी सोडली आणि टोपली गादीवर अलगद टेकली. दोघांनी एकदमच दोन्ही हात पोटाशी आणून बोटं एकमेकांत गुंतवली, आबांनी मोठी आणि ठकीने पिटुकली.

“हा बघ,” आबा तिला म्हणाले. शनिवारपासूनचे पहिले शब्द. अर्थ काय तो तिला पुरेपूर कळला, आणि तो फारसा गोड नव्हता.

ती गादीवर बसली. तिला रडू आलं, आणि चाळणी घातलेली ठकी जवळ येऊन तिच्या पोटावर हात गुंतवून दाखवायला लागली तेव्हा रडता रडता हसूही आलं.

संध्याकाळी हे सगळं ऐकून नवरा पोट धरधरून हसला.

“मला विसरच पडला होता,” तो म्हणाला. “लहानपणी मी बंदरावर जायचो ना, डबा द्यायला. वर क्रेनमध्ये आबा, खाली हेल्मेटवाला. इतका आवाज असायचा की बोंबलून काही उपयोग नाही. सगळं हातांवर. हे बोट फिरवलं की उचल. खाली फिरवलं की सोड. आणि हे,” त्याने पोटाशी हात गुंतवले, “म्हणजे सगळं जागच्या जागी आहे, आता काही हलवू नका.”

“आणि तो ताठ हात?”

“थांब.” तो आबांकडे वळला. “आबा, तो नियम काय होता? खुणा एकाच्याच ऐकायच्या, हो ना? खालच्या केशरी हेल्मेटवाल्याच्या. बाकी साहेब जरी आला तरी त्याच्याकडे बघायचं नाही.”

आबांनी जोरात मान हलवली. मग हात ताठ बाहेर काढला आणि बोटाने खोलीतल्या एकेकाकडे निर्देश केला: मुलाकडे, सुनेकडे, ठकीकडे, खिडकीबाहेरच्या साऱ्या रस्त्याकडे.

“बरोबर. ‘थांब’ मात्र कुणीही म्हणावं. झाडूवाल्याने म्हटलं तरी थांबायचं, आणि का म्हणून विचारायचं नाही.”

ती आबांकडे बघत राहिली. तीन दिवस ती त्यांना त्या काचेवर गेलेले शब्द शोधायला लावत होती, आणि या माणसाला तिच्या जन्माआधीपासून एक अख्खी भाषा येत होती, जिला ना अक्षर लागत होतं, ना चित्र. ठकीने ती कधीच उचलली होती. राहिली होती ती एकटीच.

पण तिच्यातली काळजी काही लगेच खाली बसणारी नव्हती. “हे सगळं समोरासमोर ठीक आहे,” ती म्हणाली. “मी दुकानात असताना हात कसे दिसणार मला? कॉल तर लागला पाहिजे. आबांना ते वर्तुळ सापडलंच पाहिजे.”

“मग मोठा फोटो लाव.”

“मोठा होत नाही. नव्या रूपात सगळं त्याच मापाचं. माझं तोंड त्यात वाटाण्याएवढं दिसतं.” ती बोलता बोलता थांबली. दुकानात गिऱ्हाईक लांबून येतं, त्याला डब्यावरचं नाव दिसत नाही, रंगाचा ठिपका दिसतो. “ते हेल्मेट कुठेय?”

“कुठलं?”

“केशरी.”

आबा उठले. पाय ओढत कपाटापाशी गेले, वर हात केला. नवऱ्याने स्टूल आणेपर्यंत त्यांनी काठीने ते पुढे सरकवून झेललंसुद्धा. शेवटी शेवटी क्रेनवरून खाली उतरून स्वतःच खुणा द्यायचे दिवस आले तेव्हाचं, ओरखडे पडलेलं, पण रंग असा की डोळ्याला बोचावा. तिने ते डोक्यावर चढवलं. कानांपर्यंत आलं.

“हसू नकोस,” ती नवऱ्याला म्हणाली. “फोटो काढ.”

“हात कुठे ठेवतेस? पोझ दे की, साइटवर आल्यासारखी.”

“जवळून काढ. नुसतं हेल्मेट आलं तरी चालेल.”

नवरा कसला हसू थांबवतोय! आणि मग तिला वेगळाच आवाज आला, घोगरा, आतून खरवडून आल्यासारखा. आबा हसत होते. झटक्यानंतर त्यांचं हसणं असं तिरकं झालं होतं, एका बाजूने. ते तिने शुक्रवारपासून ऐकलं नव्हतं.

तिने पडद्यावरची सगळी जांभळी, लिंबू-पिवळी गर्दी काढून टाकली. ढग गेला, चौकोन गेले, कॅल्क्युलेटर काढताना तिचं बोट जरा अडखळलं, पण तोही गेला. मोकळ्या काळ्या पडद्यावर खाली अंगठ्याशी एकच वर्तुळ उरलं, आणि ते वर्तुळ काठोकाठ केशरी होतं. आबांनी फोन हातात घेतला. अंगठा ठेवला. तिचा फोन वाजला. “पुन्हा,” ती म्हणाली. पुन्हा वाजला. “आता ठकीला उचलून घेऊन.” वाजला. चौथ्यांदा दाबायला सांगितलं तेव्हा आबांनी तिच्याकडे बघून हात ताठ बाहेर काढला.

ती थांबली.

सोमवारी दुकानात सगळं होतं तसंच होतं. शेडकार्डांचा वास, झाकणांवर लाकडी हातोडीचे ठोके, कोपऱ्यात डबे घुसळणारं यंत्र. फरक एवढाच की ते यंत्र चालू झालं की सगळं टेबल थरथरायचं आणि तिला ॲप्रनच्या खिशातला फोनच थरथरतोय असं वाटायचं. पहिल्या तासात तिने पाच-सहा वेळा तरी खिसा चाचपला. मालकीण बघत होत्या.

एक गृहस्थ भिंतीचा पोपडा कागदात बांधून घेऊन आले होते. अगदी हाच रंग हवा होता त्यांना, त्यांच्या आईच्या खोलीसाठी. तिने पोपडा खिडकीच्या उजेडात धरला. पांढरा, त्यात कणभर पिवळा, आणि खोल कुठेतरी किंचित काळा. ती यंत्रातून पिवळ्याचे थेंब सोडत होती तेव्हा खिसा थरथरला, आणि घुसळायचं यंत्र बंद होतं.

पडद्यावर आधी छत दिसलं. मग पंखा. मग आबांचं नाक. आणि आवाज आला तो ठकीच्या रडण्याचा, तो श्वास अडकवून येणारा, खरा.

“आबा! काय झालं? आबा, दाखवा मला!”

फोन हलला, कशाला तरी टेकला. आबांच्या खांद्यावर ठकी होती, तोंड उघडं, गाल ओले, आणि खालच्या ओठावर लाल. रक्त.

ॲप्रनची गाठ तिने कधी ओढली ते तिला समजलं नाही. “मॅडम, मी जाते, मला जावं लागेल...” पिशवी कुठे? चप्पल? घरापर्यंत किती वेळ, रिक्षा मिळेल का, शिंपीणकाकूंना आधी फोन करावा का, पण मग हा कॉल कापावा लागेल. डोक्यात सगळं एकदमच चालू झालं. तिने पुन्हा पडद्याकडे बघितलं.

आबा तिच्याकडेच बघत होते. एका हाताने नातीला धरलेलं. दुसरा हात त्यांनी हळूहळू खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर नेला, तळवा खाली, आणि हलवला.

तिचे पाय दारापाशी होते. का म्हणून विचारायचं नाही. ती थांबली. इतकं जड काहीतरी अधांतरी धरून उभं राहणं काय असतं, ते तिला तेव्हा कळलं.

आबांनी ठकीचा ओठ बोटाने खाली ओढून फोनजवळ आणला. बारीकशी चीर होती, आतल्या बाजूला, दात लागल्याची. मग त्यांनी ओला रुमाल दाखवला. तो ओठाला लावला. काढून दाखवला: फिकट गुलाबी, जेमतेम. परत लावला. ठकीचं रडणं हुंदक्यांवर आलं, हुंदके उचक्यांवर. आबांनी गादी दाखवली, गादीवरून घरंगळलेली चाळणी दाखवली.

“उडी मारलीस होय गं?” ती म्हणाली. 

“उली,” ठकी म्हणाली.

आबांना हात गुंतवता येत नव्हते, एका हातात पोर होती. त्यांनी ठकीकडे बघितलं, भुवया उंचावल्या. ठकीने नाक ओढलं, आईकडे रागाने पाहिलं, जणू लागलं ते आईमुळेच, आणि मग दोन्ही तळवे पोटाशी आणून बोटं एकमेकांत अडकवली.

पडदा काळा झाला. आबांनी कॉल कापला होता.

ती तशीच उभी होती. जावं असं अजूनही वाटत होतं. तिने शिंपीणकाकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, “मी वरच आले आहे. रडणं ऐकलं म्हणून. तुझ्या सासऱ्यांनी मला दारातच थांबवलं, असा हात करून. मग आत बोलावलं आणि चहा मागितला.”

“चहा? कसा?”

“एक बोट गरगर फिरवलं गॅसकडे बघून. मला काय कळायचंय त्यात? पण चहाच हवा असेल असं वाटलं.”

तिने ॲप्रन पुन्हा बांधला. गाठ नीट बसेना, मालकीण मागून आल्या आणि त्यांनी ती बांधून दिली. काउंटरवर ते गृहस्थ कागदातला पोपडा घेऊन अजून उभे होते. डब्यात पिवळा जास्त पडला होता; तिच्या हातून शेवटचा थेंब नको तिथे सुटला होता.

“जवळपास तसाच आहे की,” ते म्हणाले. “चालेल मला.”

“नाही,” ती म्हणाली. “थांबा.” आणि तिने नवा डबा उघडला.